चार बोटं दुमड

मिस्तरी चित्रांकडे बघत नसे. चाळीस वर्षं चित्रकारांसाठी लाकडी चौकटी करायच्या आणि त्यांवर कॅनव्हास ताणून द्यायचा, हाच धंदा. पण कुणी विचारलं की अमक्याच्या चित्रात काय होतं, तर हा म्हणणार, "कापड होतं. चांगलं जाड होतं." त्याच्या हाताखालून गेलेल्या कापडावर टिचकी मारली की ते ढोलासारखं वाजायचं. कोपऱ्यात सुरकुती दाखवा आणि चौकट फुकट घेऊन जा, असं तो गिऱ्हाइकांना खुशाल सांगायचा. चाळीस वर्षांत एकही चौकट फुकट गेली नव्हती.

चित्र बघायचं खातं बायकोकडे होतं. कापड ताणणं हे दोन माणसांचं काम. टेबलावर घोंगडी अंथरायची, तिच्यावर रंगवलेलं कापड पालथं घालायचं, वर चौकट ठेवायची. मग चारी बाजूंनी चार-चार बोटं कापड लाकडावरून मागे दुमडायचं आणि मध्यापासून कोपऱ्यांकडे पिना मारत जायचं. एकाने समोरचा काठ धरायचा, दुसऱ्याने रुंद तोंडाच्या पकडीने आपल्या बाजूचा ओढायचा. ओढणारा हा, धरणारी ती. धरता धरता ती मधूनच कापडाचा कोपरा उचलून खाली डोकवायची आणि ओरडायची, "थांबा! झाड आत चाललंय." नाहीतर, "थांबा! या माणसाचा कान गेला बघा." मग हा कुरकुरत पिना उपसायचा. सगळे चित्रकार तिला थांबाकाकू म्हणत. काही जण तर म्हणत, मिस्तरीचं काय, चौकट कुणीही करील. चित्र शाबूत राहतं ते थांबाकाकूमुळे. मिस्तरीला ते ऐकून राग येत नसे, कारण खरं होतं.

ती गेल्याला अकरा महिने झाले होते. त्याआधी आठ महिने ती अंथरुणावर होती. गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मिस्तरी दुकानात आला, लोखंडाचा एक लांब शिकंजा आणून त्याने टेबलाच्या कडेला बसवला आणि समोरचा काठ त्याच्यात आवळायला लागला. शिकंजा माणसापेक्षा घट्ट धरायचा. तो थकत नव्हता, चहा मागत नव्हता, बोलतही नव्हता.

दुकानाच्या मागेच घर होतं. सून दोनदा येऊन म्हणाली होती, "बाबा, मी धरू का?"

"शिकंजा आहे ना," मिस्तरी म्हणाला होता.

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

अशात चित्रकारीण एक मोठं रंगवलेलं कापड घेऊन आली. अकरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. चाळिशीची बाई, हातावर कायम रंग, बोलणं एकदम तोडून. परगावच्या एका कॉलेजात ती शिकवायची आणि शनिवार-रविवार इकडे येऊन रंगवायची. चर्चने तिला चित्र काढायला सांगितलं होतं. चर्चच्या बाजूला एक खोली होती, दफनाआधी शवपेटी जिथे ठेवतात ती. घरची माणसं तिथे तासभर बसतात. त्या खोलीत भिंतीवर एक छापील चित्र होतं, येशूला क्रुसावरून खाली उतरवतात ते. ओलीने ते कुजलं होतं. त्याच्या जागी तेच, पण नवं हवं होतं.

"हिने तेच केलंय, फक्त माणसं काढलेली नाहीत," असं फादर नंतर लोकांना सांगायचे. चित्र असं होतं. मागे सगळा काळपट तांबडा रंग. दोन तिरक्या रेघा, त्या म्हणजे शिड्या. खाली डाव्या कोपऱ्यात एक निळा ठिपका, थाळीएवढा, ती आई. आणि वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारा एक रुंद पांढरा पट्टा, सुरकुत्यांचा. मेलेल्या माणसाला ज्या कापडात घेऊन उतरवलं ते कापड आणि तो माणूस, दोन्ही मिळून तो पट्टा. बस्स.

"काका, पुढच्या शनिवारी दुपारी चर्चची समिती बघायला येणार आहे," ती म्हणाली. "मी कॉलेजातून परस्पर चर्चमध्ये येईन. तुम्ही नेऊन भिंतीशी उभं करून ठेवा."

"ठेवतो."

"ते दोघंतिघं आहेत. नाही म्हणाले तर जुन्याचीच नवी छापील प्रत आणून लावतील. फादरनी स्पष्ट सांगितलंय. एक वर्ष गेलंय माझं यात."

"ताई, कापडात खोट निघणार नाही. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

ती हसली आणि बस गाठायला पळाली.

मिस्तरीने नेहमीप्रमाणे कापड मोजलं, चारी बाजूंनी चार बोटं वजा केली आणि त्या मापाची चौकट केली. कापड पालथं घातलं, समोरचा काठ शिकंज्यात आवळला, ओढला, पिना मारल्या. वरचा काठ दुमडताना त्यावर तपकिरी रंगाचे जाड फराटे दिसले. त्यात नवल काही नव्हतं. चित्रकारीण अकरा वर्षं कापडाच्या कडेलाच ब्रश पुसत आलेली. तिच्या प्रत्येक चित्राच्या मागे, दुमडीवर, असले फराटे असायचेच. पिना मारून झाल्यावर त्याने टिचकी मारली. ढोल वाजला.

शनिवारी दोन वाजता चित्र त्या खोलीत भिंतीला टेकवून उभं होतं. खोली साधी: दोन लांब बाकं, मध्ये पेटी ठेवायची लाकडी घडवंची, एक उंच खिडकी. मिस्तरी दाराशी ड्रिल घेऊन थांबला होता. हो म्हणाले की भिंतीला भोकं पाडायची, नाही म्हणाले की गाडीत घालून परत न्यायचं. त्याला दोन्हीची तयारी होती.

समिती फादर धरून तिघांची. त्यातले एक तापाने आजारी, म्हणून त्यांनी आपलं मत हेडबाईंवर सोपवलं होतं. हेडबाई म्हणजे पस्तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभं राहायचं. फादरसुद्धा. ते त्यांचेच विद्यार्थी.

हेडबाई चित्रासमोर पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"फादर, येशू कुठाय?"

"तो पांढरा पट्टा आहे ना बाई, तो—"

"तो पट्टा आहे. तुम्हीच म्हणालात. मी येशू विचारला."

"ही नवी पद्धत आहे बाई. सूचक असतं."

"सूचक म्हणजे काय ते मला शिकवू नका, मी तुम्हाला शिकवलंय." त्या बाकावर बसल्या. "पद्धत नवी असली म्हणून मी नाक मुरडत नाही. मला पट्टासुद्धा चालेल. पण इथे माणूस गेलेली माणसं बसतात. तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाची पेटी इथेच होती. तासभर मी काय केलं सांगू? त्या जुन्या चित्रातल्या शिडीवरच्या माणसाकडे बघत बसले. चित्र काही थोर नव्हतं. पण त्या माणसाने येशूला काखेत हात घालून असं धरलं होतं की आता तो पडणार नाही, याची खात्री वाटायची." त्यांनी हात लांब केला. "हे बघा. हा पट्टा पडतोय. सरळ कोसळतोय खाली. याला धरणारं कुणी नाही. घरच्यांनी तासभर हे बघायचं?"

चित्राकडे बघून फादरनाही ते पटल्यासारखं दिसत होतं.

"चित्रकारीण येईपर्यंत थांबू या का?" ते हळूच म्हणाले. "तिची बस उशिरा आहे."

"ती येऊन काय करणार? समजावून सांगणार. इथे येणाऱ्या प्रत्येकाला समजावायला ती उभी राहणार आहे का? माझं नाही. आणि तापवाल्यांचंही नाहीच."

म्हणजे झालं. तिघांत दोन मतं विरुद्ध. मिस्तरीने ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली आणि गुंडाळता गुंडाळता, चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. चित्राकडे बघितलं.

बाई म्हणतात ते खरं होतं. पट्टा पडत होता.

पण सुरकुत्या तशा नव्हत्या.

मिस्तरीला चित्रातलं कळत नसेल, कापडातलं कळत होतं. पडणारं कापड सैल असतं, त्याच्या घड्या वाटेल तशा जातात. या पांढऱ्यावरच्या सुरकुत्या सगळ्या वर चालल्या होत्या. वर जाता जाता त्या जवळ येत होत्या, दोन इकडे, दोन तिकडे, चार ठिकाणी गोळा होत होत्या आणि चौकटीच्या वरच्या कडेला एकदम संपत होत्या. अशी सुरकुती एकाच कारणाने पडते. कापड मुठीत धरलं आणि खाली वजन असलं की.

हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आठ महिने दिवसातून चार वेळा त्याने तेच केलं होतं. नर्सने पहिल्या दिवशी दाखवलं होतं: पेशंटच्या खाली दुहेरी चादर घालायची, एकाने या बाजूला, एकाने त्या बाजूला उभं राहायचं, चादरीचा काठ मुठीत गुंडाळत गुंडाळत अंगाशी आणायचा आणि तीन म्हटलं की उचलायचं. इकडून तो, तिकडून सून. दोन माणसं, चार मुठी. बायको शेवटी शेवटी पोरीएवढी हलकी झाली होती, तरी चादरीवर मुठींपासून अशाच रेघा पडायच्या. तिला त्या बघायला आवडत नसे. ती डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, "पाडू नका गं बाई मला." आणि सून दर वेळी म्हणायची, "आम्ही काय कच्चे आहोत का आई?"

ताण आहे, म्हणजे धरणारा आहे. मग गेला कुठे?

वायर खाली ठेवून मिस्तरी चित्राजवळ गेला, भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि मागून वरच्या काठाकडे बघितलं. तपकिरी फराटे चार होते. ब्रश पुसलेला नव्हता. ब्रश पुसणारा एकाच जाडीने पुसत नाही, आणि प्रत्येक फराट्याच्या टोकाशी आतल्या बाजूला वळवून घेत नाही. चार मुठी होत्या. एकीतून त्याचीच पिन आरपार गेली होती.

आता हे कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. चित्र गाडीत घालून परत नेलं असतं, दोन दिवसांनी चित्रकारीण दुकानात आली असती, आणि तोवर पिना उपसून कापडाची गुंडाळी करून ठेवली असती तर तिलाही कळलं नसतं. चाळीस वर्षांचं नाव शाबूत. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण त्याच्या आधीच तोंड उघडलं होतं.

"बाई, धरणारे आहेत."

हेडबाई पर्स खांद्याला लावून उठल्या होत्या. "काय म्हणालात?"

"हात आहेत. चार. मी मागे दुमडलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे चूक माझी आहे. चित्र वरच्या काठापर्यंत होतं. मला वाटलं तिने ब्रश पुसलाय. मी हात मागे घालून वरून पिना मारल्या."

फादर धावत मागे आले आणि मान वाकडी करून बघायला लागले. हेडबाई जागच्या हलल्या नाहीत.

"चाळीस वर्षं हेच काम करता ना?"

"हो."

"मग असं कसं झालं?"

मिस्तरी म्हणाला, "बघणारी होती. आता नाही."

हेडबाईंनी पर्स खांद्यावरून काढून बाकावर ठेवली.

मिस्तरीने फोन लावला. पलीकडे बसचा खडखडाट.

"ताई, मी तुमचे हात आत दुमडलेत."

"किती?"

"चारही."

"समितीने तसंच बघितलं?"

"बघितलं. नाही म्हणाले. बरोबरच म्हणाले."

"काका, मी सांगायला हवं होतं. मला वर जागाच उरली नाही, हात अगदी काठावर आले. बसच्या घाईत—"

"तुम्ही रंगवायचं, मी बघायचं. ते माझं काम. आता ऐका. वर दुमडायला कापड नाही. मी चौकटीवर चार बोटांची पट्टी चढवतो, काठ उलगडून तिच्यावर समोरून बारीक खिळे, चुका, मारतो. चुका दिसतील आणि घडीची रेघही राहील. चालेल का? नाही म्हणालात तर हात लावत नाही."

"रेघेवर रंग उडालाय?"

"केसाएवढा. दोन ठिकाणी."

"उघडा," ती म्हणाली. "मी तासाभरात येते."

फादर मध्येच म्हणाले, "चुका समोरून दिसणार?" मग स्वतःच म्हणाले, "दिसू देत. या गोष्टीत खिळे दिसले म्हणून कोणी तक्रार करणार नाही."

मिस्तरीच्या गाडीत उरलेल्या पट्ट्या नेहमीच असायच्या. त्याने मापाची कापली, चौकटीच्या डोक्यावर स्क्रूने बसवली. दोन बाकं जवळ ओढून चित्र त्यांवर उताणं ठेवलं. वरच्या सगळ्या पिना उपसल्या, कोपऱ्यांजवळच्या बाजूच्याही उपसल्या, आणि काठ हळूहळू उलगडला. चार तपकिरी मुठी उजेडात आल्या. आता वरचा काठ कुणीतरी सपाट धरायला हवा होता. शिकंजा दुकानात होता.

फादर अस्तन्या सारत पुढे आले.

"तुम्ही नको," हेडबाई म्हणाल्या. "तुमच्या हातून वर्गातली शाईची दौत पडायची. मी धरते."

"घट्ट धरायचं बाई. मी ओढला की तुमच्याकडे ओढ येईल. सोडायचं नाही."

"पस्तीस वर्षं पोरं धरली, कापड काय धरायचंय."

धरलं मात्र त्यांनी पक्कं. मिस्तरी मधून सुरू झाला: एक चूक मधोमध, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावा कोपरा बसला. उजव्या कोपऱ्याशी तो बाकाजवळ उकिडवा बसला, बाजूचं कापड पकडीत धरलं आणि लाकडावरून खाली ओढायला लागला. तिथून त्याला फक्त चौकटीचं लाकूड दिसत होतं. कापड सुरेख येत होतं. अजून जरासं आलं असतं तर कोपरा अगदी—

"थांबा!"

मिस्तरी थांबला. पकड हातात तशीच. एकोणीस महिन्यांत हा शब्द त्याने कामाच्या वेळी ऐकला नव्हता.

"थांबा, थांबा, ओढू नका," हेडबाई वाकून बघत म्हणाल्या. "त्याचा हात आत चाललाय. शेवटच्याचा. आधीच बिचाऱ्याच्या वाट्याला टोक आलंय."

"किती गेलाय?"

"अंगठा गेला. सोडा जरा. अजून. अजून थोडं... हां. आला. आता मारा."

मिस्तरीने चूक मारली. फादर भिंतीशी उभे होते, ते हेडबाईंकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही 'त्याचा हात' म्हणालात."

"मग काय म्हणू? हातच आहे तो."

"नाही, मघाशी तुम्ही पट्टा म्हणत होता."

"मघाशी हात नव्हते," हेडबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही हे टोक धरा आता, माझ्या बोटांना मुंग्या आल्यात. सांभाळून."

चित्र उभं केलं. चौकट चार बोटं उंच झाली होती, वरच्या काठाला चुकांची ओळ, तिच्याखाली चार मुठी, त्यांच्याखाली घडीची एक बारीक आडवी रेघ. बाकी रंग तेच, पट्टा तोच. पण तो आता पडत नव्हता. तो कुणीतरी सावकाश, जपून खाली देत होतं, आणि खालचा निळा ठिपका त्याची वाट बघत होता. कुणी काही समजावलं नाही. मिस्तरीने टिचकी मारली. उजव्या कोपऱ्यात आवाज जरा बोदा आला.

"इथे सुरकुती राहणार," तो म्हणाला. "ही चौकट फुकट."

चित्रकारीण आली तेव्हा तिला धाप लागली होती. ती दारातच थांबली. आधी हात मोजले, मग चुका बघितल्या, मग जवळ जाऊन घडीच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"इथे रंग लावून देऊ?" तिने विचारलं.

"कशाला?" हेडबाई म्हणाल्या. त्यांची या चित्राशी तासाभराची ओळख होती आणि तेवढ्यात त्या त्याच्या मालकीण झाल्या होत्या. "रेघ राहू दे. फक्त तो शेवटचा हात मला बारीक वाटतो. एवढं वजन आहे त्याच्यावर."

"तो म्हाताऱ्याचा आहे," चित्रकारीण म्हणाली.

हेडबाईंनी पुन्हा वाकून बघितलं. "मग ठीक आहे. फादर, माझं हो. आणि तापवाल्यांचंही हो. त्यांना मी सांगते."

"त्यांना आधी विचारायला नको का?"

"तापात माणसाला त्रास देऊ नये."

मिस्तरीने वायर उलगडली, ड्रिल जोडलं आणि भिंतीला भोकं पाडली. जाताना चित्रकारीण त्याला सोडायला गाडीपर्यंत आली. काहीतरी बोलायचं होतं, पण तोडून बोलणारी बाई ती, तिला सुरुवात सापडेना.

"ते हात," शेवटी ती म्हणाली, "मी काकूला बघायला आले होते ना एकदा. तुम्ही आणि तुमची सून तिला उचलत होता. मी दारातूनच परत गेले. तुम्हाला दिसले नसेन."

"नाही दिसलात."

"विचारायला हवं होतं मी. काढू का म्हणून."

मिस्तरीने गाडीचं दार लावलं. "काढलेत ते बरं केलंत," तो म्हणाला. "सुनेचे हात जरा जाड काढलेत. तिला सांगू नका."

घरी आला तेव्हा सून ओट्याशी भांडी पुसत होती. दुकानात जाऊन मिस्तरीने शिकंजा टेबलापासून सोडवला, तेल लावलं आणि फळीवर ठेवून दिला. चांगली वस्तू होती, कधीतरी लागली असती.

"सोमवारी एक मोठं कापड यायचंय," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. "दोन माणसांचं काम आहे."

सुनेने भांडं पुसायचं थांबवलं. "मला चित्रातलं काही कळत नाही हां बाबा."

"नको कळायला. समोरचा काठ धरायचा, मधूनमधून खाली डोकवायचं, आणि काही आत चाललंय असं दिसलं की ओरडायचं."

"काय ओरडायचं?"

मिस्तरीने तिला सांगितलं.